चपटा केक

“प्लॅसेंटा म्हणजे काय, सांगा?” मोठ्या डॉक्टरांनी ट्रे पुढे ओढला. “लॅटिनमध्ये चपटा केक! बघा, आकार तसाच आहे की नाही?”

शिकाऊ पोरं खो-खो हसली. एकजण म्हणाला, “सर, मग कापायचा कधी?” पुन्हा हशा.

शी!

रक्ताची किळस मला नाही. या प्रसूतिगृहात नर्स म्हणून अर्धं आयुष्य गेलंय माझं. बाळंतपण झालं की वार, म्हणजे यांची प्लॅसेंटा, ट्रेमध्ये पसरून, एखादा तुकडा पोटात राहिला नाही ना, ते मीच बघते. आज हीच वार वेळेआधी सुटली आणि पोटातच बाळ गेलं. ते पलीकडच्या टेबलावर गुंडाळून ठेवलेलं होतं, आणि इकडे यांचा केक चालला होता.

पडद्यामागे त्याची आई नुकतीच भूल उतरून जागी झाली होती. तिने माझा हात धरला.

“ताई, सगळे हसतायत. म्हणजे बाळ ठणठणीत आहे ना?”

बाळ गेल्याचं डॉक्टरांनीच सांगायचं, ही आमच्याकडची रीत. मी बाहेर येऊन म्हटलं, “साहेब, ती बाळाचं विचारतेय.”

“तुम्हीच सांगा ना सिस्टर. तुम्हा बायकांना ते बरोबर जमतं.”

मेल्याची जीभ आत्तापर्यंत चुरुचुरु चालत होती, आता टाळ्याला चिकटली! मी ट्रेवर फडकं टाकलं. बाळाला उचललं, टोपडं घातलं आणि आत नेऊन तिच्या कुशीत ठेवलं.

“राहिलं नाही गं बाई. आम्ही खूप धडपड केली.”

ती रडली नाही. बाळाच्या गालावरून बोट फिरवत राहिली. तिने विचारलं, “मग हसलं कोण?”

उत्तर मला ठाऊक होतं, पण ते मी का द्यावं? मी उठले आणि पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बाजूला सारला. पोरांच्या माना खाली गेल्या.

“साहेब, ती विचारतेय, हसलं कोण.”

डॉक्टर पाठ फिरवून बेसिनकडे गेले. नळ सोडून हात धूत राहिले. हातमोजे काढायचे राहिलेच होते.