रक्त कोणाकडचं

“ये भी वही गोली है, मॅडम,” असं म्हणत विजयाने पुड्या डॉक्टरांच्या टेबलावर आपटल्या. “दोन वर्षं हीच गोळी. कोणी म्हणतं वाढीचं दुखणं, कोणी म्हणतं शाळा चुकवायचा बहाणा. रात्रभर पाय धरून रडणारी पोरगी बहाणा करते होय?”

चिडली की तिची हिंदी संपून मराठी सुरू व्हायची. शेजारी गणवेशात ताठ बसलेल्या अशोकने तिचा पदर हळूच ओढला. तिने तो सोडवून घेतला. दोघांच्या मध्ये भक्ती, सात वर्षांची, स्वेटरच्या बाह्या चावत बसली होती.

कॅप्टन अलकनंदा रावत दिल्ली छावणीच्या इस्पितळात नुकत्याच बदलून आल्या होत्या. त्यांनी पुड्या बाजूला सारल्या आणि तिघांच्या रक्ताचे अहवाल समोर ठेवले.

रक्तात हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, त्यांनी सावकाश सांगितलं. लांब साखळ्या स्वतःभोवती घड्या घालतात, अशा चार साखळ्या जुळल्या की ते तयार होतं, आणि प्राणवायू उचलताना, सोडताना ते सारखा आकार बदलतं. भक्तीच्या साखळीतला एक दुवा वेगळा होता. तेवढ्यानेच, प्राणवायू सोडला की तिची प्रथिनं एकमेकांना चिकटायची, त्यांच्या ताठ काड्या व्हायच्या, आणि रक्ताची गोल पेशी वाकून बारीक नसांत अडकायची. थंडीत जास्त, पाणी कमी पडलं की जास्त.

“हंसिये जैसी,” डॉक्टरांनी बोट वाकवून दाखवलं.

“विळा,” अशोक पुटपुटला.

“विळा मतलब?” भक्तीने विचारलं.

“मतलब गावाला गेलीस की दाखवीन,” विजया तडकली. मग डॉक्टरांकडे वळली. “हे येतं कोणाकडून?”

“दोनों से. आधा आपसे, आधा इनसे. आप दोनों को तकलीफ नहीं होती, क्योंकि आपमें आधा ही है.”

विजयाने अशोककडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता.

रविवारी संध्याकाळी छावणीतल्या गोपीनाथ बाजारातल्या एसटीडी बूथवर रांग होती. द्वारकेच्या नव्या इमारतींकडे विटांचे ट्रक चालले होते आणि त्यांची धूळ घशात बसत होती. भंडाऱ्याजवळच्या गावी सासूबाई, इंदुमती, शेजारच्या किराणा दुकानातल्या फोनपाशी येऊन बसल्या असणार. दर रविवारी त्या एकच म्हणत: आमच्या घराण्यात असलं रक्त नाही, तुझ्या माहेरचंच हे.

“आज सांगायचं,” विजया म्हणाली. “स्पष्ट. दोघांकडून.”

“सांगतो ना यार.”

काचेच्या खोक्यात दोघं कसेबसे मावले. अशोकने रिसीव्हर कानाला लावला. “हो माय. बरी आहे. नाही, ते काय आहे, इकडची थंडी तिला सोसत नाही. हवा बदलली की...”

विजयाने रिसीव्हर हिसकावून घेतला.

“थंडी नाही, आई. रक्ताचा आजार आहे. दोघांकडून येतो. अर्धा माझ्याकडून, अर्धा ह्यांच्याकडून. रिपोर्ट आहे.”

पलीकडे दुकानातला तराजू वाजला.

“हातपाय सुजतात का तिचे?” इंदुमतीबाईंनी विचारलं. “हिवाळ्यात?”

“हो.”

“आमचा श्याम असाच रडे. माझा धाकटा भाऊ. मी त्याचे पाय चेपत बसे. भक्तीएवढाच होता गेला तेव्हा. लोक म्हणत, मायचाच पायगुण. बिचारी मरेपर्यंत कोणाच्या बारशाला गेली नाही.” त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “म्हणजे अशोकला माझ्याकडूनच आलं का गं?”

विजयाच्या ओठांवर ‘हो’ तयार होतं. इतक्या रविवारांनंतर तो तिचा हक्कच होता. बाहेर रांगेतला माणूस काचेवर नाणं वाजवू लागला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मागे सरला.

“तसं सांगता येत नाही,” ती म्हणाली. “बाबांकडूनही आलं असेल.”

“ते तर जन्मात कधी आजारी पडले नाहीत.”

“न पडणाऱ्यांकडूनसुद्धा येतं, आई. आम्ही दोघं कुठे पडतो?”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. विजयाला स्वतःचाच राग आला, भयंकर राग. अशोक फोनसाठी हात पुढे करून उभा होता. तिने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“बोला तुम्ही,” ती म्हणाली. “श्याममामाचं काय सांगत होतात?”