सान्यालांच्या बशीचं गणित

मी सान्यालांच्या घरातली बशी बोलतेय. पांढरी, निळ्या काठाची, एका बाजूला टवका उडालेली. बंगालातल्या कृष्णनगरच्या या घरात मला एकच काम, लेकीला गणित शिकवायला येणाऱ्यांचा खाऊ वाहायचा. त्यामुळे या विषयातला माझ्याइतका अनुभव घरात कुणालाच नाही.

आधी गुणमय मास्तर यायचे. सायीच्या चार सरपुरिया, म्हणजे इथली खास मिठाई, खायचे आणि बुबलीच्या पाठीत चार धपाटे घालायचे. तिचं रडू स्वयंपाकघरात ऐकू गेलं की तिची आई मृणालिनीदेवी निश्चिंत व्हायच्या, शिकवणी जोरात चाललीय म्हणून. बुबलीला शंभरात एकोणीस मिळाले.

मग शर्बरीदी आली. ही खाण्याआधी सुरी मागायची. एकदा तिनं बुबलीला विचारलं, सरपुरियाचा तिसरा हिस्सा हवा की चौथा? तिनापेक्षा चार मोठे, म्हणून बुबलीनं चौथा मागितला आणि हातात लहान तुकडा आला. मास्तरांना दोन वर्षांत न जमलेलं काम एका घासात झालं. बुबली खिदळायला लागली. माझा टवका त्याच सुरीनं उडाला, पण माझी तक्रार नाही.

तक्रार मृणालिनीदेवींची होती. गणितात हसू कसलं येतं? त्यांनी माझ्यावर सरपुरियाऐवजी दोन मारी बिस्किटं धाडायला सुरुवात केली.

सहामाही आली. परीक्षेच्या आठवड्यात आमच्याकडे अंडं आणि रसगुल्ला बंद. गोल वस्तू पोटात गेली की पेपरात शून्य उतरतं, हे इथे शेंबडं पोरही जाणतं. बुबलीला एकाहत्तर मिळाले. "आठवडाभर अंड्याला शिवू दिलं नाही मी," मृणालिनीदेवींनी गल्लीभर सांगितलं. शर्बरीदीला चहा पाजून गोड शब्दांत निरोप दिला. ती दिसेनाशी होईपर्यंत बुबली दारात उभी राहिली. मी वरच्या फळीवर गेले आणि मला फार वाईट वाटलं.

वार्षिक परीक्षेच्या सकाळी बुबलीनं मला खाली काढलं. स्वतः उकडलेलं अंडं माझ्यावर ठेवून ती आईसमोर बसली.

"मा, मी हे अख्खं खाऊन जाणार. एकाहत्तराच्या खाली आले तर तू म्हणशील ते खरं. वर आले तर शर्बरीदीला परत बोलवायचं."

"अगं बये, आज गणित आहे," मृणालिनीदेवी कशाबशा म्हणाल्या. तोवर माझ्यावर फक्त टरफलं उरली होती. पेपर संपेपर्यंत त्या देवापुढून उठल्या नाहीत.

अठ्ठ्याहत्तर मिळाले. मृणालिनीदेवींनी शब्द पाळला, शर्बरीदी परत आली. आता माझ्यावर दर शिकवणीला उकडलेलं अंडं येतं, कारण अंड्यानं डोकं चालतं, असं मृणालिनीदेवी गल्लीभर सांगतात. शर्बरीदी दोऱ्यानं त्याचे नेमके दोन भाग करते आणि पहिला बुबलीला देते.

माझं वय झालंय. मागणं एवढंच, घासताना टवक्याला जपा आणि सगळं श्रेय अंड्याला देऊ नका. निदान चौथा हिस्सा शर्बरीदीला द्या. तो किती, हे बुबलीला विचारा. ती आता फसायची नाही.