थोरलीचा शिक्का

मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, अर्पणाची ताटली वेदीपर्यंत नेणं म्हणजे काही डोंगर फोडायचा नसतो. चाळीसेक पावलं चालायचं, भाकरीची ताटली फादरांच्या हातात द्यायची, मान लववून परत यायचं. पण त्या रविवारी बारकीला तेवढंही जमलं नाही.

इस्पितळाच्या औषधखोलीत बारकी आणि तिच्याहून मोठी एक बाई, अशा दोघीजणी कामाला. तेरा वर्षं एकत्र काम, म्हणून सगळे त्यांना बहिणींसारखं थोरली आणि बारकीच म्हणायचे. बाटलीला चिठ्ठी जिनं लावली तिनं वर आपला शिक्का मारायचा, हा तिथला नियम. तीन आठवड्यांपूर्वी घाईगर्दीत बारकीनं एका लहान मुलीच्या बाटलीला मोठ्या माणसाच्या मात्रेची चिठ्ठी लावली आणि हाताशी आलेला शिक्का मारून मोकळी झाली. तो थोरलीचा होता. पोर दोन दिवस डोळे उघडेना. वाचली बिचारी, पण बाटलीवरचा शिक्का बघून साहेबांनी थोरलीला घरी बसवलं. उद्या सोमवारी दहाला चौकशी, आणि मग कायमचा नारळ.

बारकीनं काय केलं म्हणता? मूग गिळून बसली. नवऱ्याचं काम सुटलेलं, आई अंथरुणाला खिळलेली. आपलीही नोकरी गेली तर खायचं काय, या विचारानं तिला घास उतरत नव्हता. शनिवारी पापनिवेदनाला जाऊन आली. फादर म्हणाले, देव क्षमा करतोच, पण जिच्यावर आळ आलाय तिला कधी सांगणार? ही म्हणाली, बघते. अहो, बघायचं काय त्यात!

आणि रविवारी बायबलातलं शुभवर्तमान वाचायला नेमकं तेच निघावं: कुणाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा. बाजूला ऑर्गनवर थोरलीच बसलेली. घरी बसवलं म्हणून तिनं देवळात वाजवणं सोडलं नव्हतं. 

अर्ध्या वाटेत बारकी थांबली. फादर हात पुढे करून उभे. तिनं ताटली जवळच्या बाकावर ठेवली आणि वळली. लोकांना वाटलं, बाईला भोवळ आली. नवरा लगबगीनं उठला. ती तडक ऑर्गनपाशी गेली. सूर बंद पडले.

"ताई, ती चिठ्ठी मी लावली होती. शिक्का तुमचा मारला, पण हात माझा होता."

आता कानाखाली बसणार, असं तिला वाटलं. बसली असती तर बरं झालं असतं. थोरली आपल्या हातांकडेच बघत राहिली.

"नक्की तूच?"

"मीच."

"तीन आठवडे मी आठवून आठवून वेडी झालेय. चिठ्ठी लावताना मला माझेच हात दिसायला लागले. परवा त्या मुलीच्या आईचे पाय धरून आले मी. म्हटलं, तुझ्या लेकराला मीच मारायला निघाले होते."

 आपण हिची फक्त नोकरी घेतोय, असं बारकीला इतके दिवस वाटत होतं.

थोरली उठली. तिनं बारकीचं मनगट घट्ट धरलं.

"चल. त्या मुलीच्या आईला आत्ता सांगायचं. साहेबांचं उद्या बघू."

"पण ताई, मिस्सा?"

"संध्याकाळी पण असते," थोरली म्हणाली, आणि तिला घेऊन दाराकडे चालू लागली.