कुणातरी माणसाला बोलवा

"मालक आहेत का?"

दुकानाच्या दारात उभं राहून हे विचारणारा तो त्या दिवसातला चौथा. आत बाकावर पस्तिशीची एक बाई जळालेल्या मोटारीची गुंडाळी उपसत बसली होती. नाकावर चष्मा, बोटांना वॉर्निशचे डाग, मांडीवर तांब्याच्या तारेचं भेंडोळं. दुकानात दुसरं कुणी दिसत नव्हतं.

"मीच मालक. बोला."

"नाही, म्हणजे... काम करणारे?"

"काम करणारीही मीच."

"बरं बरं." गृहस्थांनी टेबल फॅन पोटाशी धरला. "मी नंतर येतो. ते आले की."

ते म्हणजे कोण, हे तिला सतरा वर्षांत कळलेलं नव्हतं. वडिलांच्या हाताखाली आठ वर्षं ती हे मोटार भरण्याचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळण्याचं काम शिकली, ते गेल्यावर नऊ वर्षं एकटीने करत आली. तरी दारात येणाऱ्याची नजर तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर जायची, जणू भिंतीतून कुणी मिशीवाला बाहेर येणार आहे! जे काम देऊन जायचे तेही नेताना म्हणायचे, "बाई असून छान करता हो." हे ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मोटार छान फिरते म्हणा की! त्यात बाई कुठून आली?

तिला आपण तांबट म्हणू. फोनवरच्या एका गटात तिने तेच नाव घेतलं होतं, आणि त्या नावामागेही एक रडगाणं आहेच.

मोटारी दुरुस्त करणाऱ्या अडीचशे कारागिरांचा तो गट. ती त्यात पहिल्यांदा शिरली तेव्हा तिने साधा प्रश्न टाकला होता. "पाण्याच्या जुन्या पंपाची मोटार भरते आहे. पाटी पुसली गेली आहे. वेढे किती घेऊ?" गटात सामसूम. खाजगीत मात्र तासाभरात सात निरोप. "हाय." "जेवलीस का?" "फोटो का नाही लावला?" "नवरा काय करतो?" एकाने तर नुसतं गुलाबाचं फूल पाठवलं. वेढ्यांचा आकडा एकानेही सांगितला नाही!

आपली मराठी तशी चोंबडीच. कितीतरी भाषांत माणूस 'मी काम करतो' एवढं सांगताना आपण बाई की बुवा हे गुलदस्त्यात ठेवू शकतो. आपल्याकडे क्रियापदच चुगली करतं. 'करते' म्हटलं की संपलं.

ती चिडून बाहेर पडली. आठवड्याने दुकानाच्या दुसऱ्या नंबरवरून, तांबट या नावाने परत शिरली आणि तोच प्रश्न शब्दाला शब्द टाकला. फक्त 'भरते' च्या जागी 'भरतो'. दहा मिनिटांत तीन उत्तरं आली. एका कान्याचा फरक!

त्या तीन उत्तरांतलं पहिलं होतं 'जुना पंखा' या नावाच्या कारागिराचं. दूरच्या एका कागद कारखान्यात तो वीजविभागाचा मुख्य होता, साठीला टेकलेला. वेढ्यांवरून सुरू झालेलं बोलणं हळूहळू चहावर आलं.

"चहा झाला का रे?"

"झाला, पंखेकाका. तुमचा?"

"तिसरा. डॉक्टरला सांगू नकोस."

रोज दुपारी दहा-पंधरा मिनिटं अशाच गप्पा व्हायच्या. काकांना पाठदुखी होती. सुनेने खास उशी आणून दिली होती आणि ती उशी मांजराने बळकावली होती. तांबटही सांगायची. घरी आत्या असते. लग्नाला वेळ मिळाला नाही. लिहिताना मात्र जपावं लागे. 'चहा घेतला', 'मोटार भरली', 'कागद कापला' असं झालेल्या गोष्टींबद्दल लिहिलं की निभायचं, कारण तिथे मराठीची चुगली चालत नाही. अगदीच अडलं तर जीव घट्ट करून 'जातो', 'येतो' ठोकून द्यायचं. रोज त्या 'तो' पाशी तिचं बोट क्षणभर अडखळे. आणि रोज तिला स्वतःचा थोडा राग येई.

पण काका शिव्या द्यायचे, आणि त्या तिला गोड लागायच्या! "गाढवा, तारेखालचा खाचेतला कागद इतका आखूड कापतात का? लेका, डोकं वापर." एरवी लोक तिच्यावर विश्वास ठेवत नसत, नाहीतर उगीच कौतुक करत. कारागीर समजून झापणारा हा एकटाच भेटला होता. वर्षभरात ती त्याच्याकडून जेवढं शिकली तेवढं आधीच्या पाच वर्षांत शिकली नव्हती.

मग रुग्णालयाची मोटार आली.

तीन वर्षं तिने त्या रुग्णालयाचे उंबरे झिजवले होते. दरवेळी "बघू" एवढंच उत्तर. आता वरच्या मजल्यांना पाणी चढवणारी मोटार जळाली, त्यांच्या नेहमीच्या, मोठ्या रस्त्यावरच्या कंपनीला माणूस पाठवायला दोन दिवस लागणार होते, म्हणून व्यवस्थापक नाइलाजाने तिच्याकडे आले. "उद्या पाचपर्यंत पाणी चढलं पाहिजे. झालं तर पुढची सगळी कामं तुमच्याकडे. नाही झालं तर आमचं नाव काढू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला, भरून, वॉर्निश देऊन, वाळवून तिने मोटार सुरू केली. मोटार फिरायच्या ऐवजी गुरगुरायला लागली. वेग घेईना. एका फेजला करंट भलताच जास्त. तिने बंद केली, गुंडाळ्या तीनदा तपासल्या. सगळं ठीक. सुरू केली की पुन्हा गुरगुर. एक वाजला. पोटात सकाळपासून काही नव्हतं. तिने घाईघाईने फोन उचलला.

"काका, सकाळपासून उपाशी बसलेय, डोकं चालत नाही. मोटार गुरगुरते, वेग घेत नाही, एका फेजला करंट जास्त. काय पाहू?"

पाठवलं, आणि तिचं तिलाच दिसलं. बसलेय!

काकांनी वाचल्याची खूण उमटली. मग एकच शब्द आला. "बसलेय?"

'बोट चुकलं' असं तिने लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. तिला एकदम फार कंटाळा आला, या सगळ्या सांभाळण्याचाच. तिने लिहिलं, "हो. मी बाई आहे. मोटारीचं बोला ना, काका."



"अहो ताई, माफ करा. मी तुम्हाला काय काय बोललो. गाढव म्हणालो."

"ते असू द्या. मोटार!"

"ताई, आधी तुम्ही जेवून घ्या. थ्री फेजचं काम आहे, धोका पत्करू नका. जवळपास असेल त्या कुणातरी माणसाला बोलवा."

तिने हातातली पक्कड अशी आपटली की मागच्या खोलीतून आत्या बाहेर आली. आत्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. एकतीस वर्षं न दिसणाऱ्या लोकांशी बोलण्यात गेलेली.

"काय झालं गं?"

"माणसाला बोलवा म्हणे! माणसाला! मग मी कोण आहे?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्या, त्याला उत्तर माहीत आहे. मला खात्री आहे. काल विचारलं असतं तर दोन शिव्या घालून सांगितलं असतं त्याने!"

आत्याने फोन घेतला, सगळं वाचलं. मग म्हणाली, "लाव त्याला फोन."

"लिहून सांगते ना..."

"लिहून भांडण होत नाही. लिहिताना माणूस खोडत बसतो. लाव."

फोन स्पीकरवर होता. पलीकडून घोगरा, अवघडलेला आवाज आला. आत्याने आपली ओळख सांगितली. तो घाईने म्हणाला, "अहो, मी ताईंना वावगं काही बोललो नाही. उलट मानच दिला."

"तोच परत घ्या," आत्या म्हणाली. "काल गाढव म्हणालात आणि युक्ती सांगितलीत. आज ताई म्हणालात आणि युक्ती खिशात घातलीत. असला मान काय चाटायचाय?"

"काळजीपोटी हो. बाईमाणसाला काही झालं तर?"

"करंट काय बाई की बुवा विचारून धरतो? वर्षभर ती याच तारांत हात घालतेय. तेव्हा कुठे गेली होती तुमची काळजी?"

तो म्हणाला, "मलाही एक मुलगी आहे, म्हणून..."

"मुलीला मध्ये आणू नका! ज्यांना मुलगी नाही त्यांनी काय शहाणं व्हायचंच नाही?"

पलीकडे खुर्ची करकरली. आवाज जरा चढला. "आणि ती माझ्याशी वर्षभर खोटं बोलली, त्याचं काय? मी तिला घरातलं सगळं सांगितलं. मांजराचंसुद्धा! मूर्ख ठरलो की मी."

आत्याने तांबटकडे पाहिलं आणि काही न बोलता फोन तिच्या हातात दिला. ते म्हणणं खरंच होतं.

"खोटं बोलले," तांबट म्हणाली. "चुकलंच. पण काका, त्याच्या आधी मी खरं बोलून पाहिलं होतं. त्याच गटात, तुम्ही होतात तेव्हा. 'मोटार भरते आहे, पाटी पुसली गेली आहे, वेढे किती घेऊ?' तुम्ही उत्तर दिलं नव्हतंत."

"तो तर तुझा... तुमचा पहिला प्रश्न."

"दुसरा. पहिल्यात एक काना कमी होता."



"आठवतं मला," तो हळूच म्हणाला. "वाचला होता. वाटलं, नवऱ्यासाठी विचारत असेल. नाहीतर कुणीतरी टवाळी करतंय. उत्तर माहीत होतं गं मला. जिभेवर होतं! आणि मी पुढे सरकलो." त्याने मोठा श्वास घेतला. "गाढव मी आहे. पक्कं गाढव! बरं, किती वाजेपर्यंत द्यायचीये?"

"पाच."

"मग रडत काय बसलीस? सहा टोकं बाहेर काढलीयेस ना? त्यांच्यावरच्या खुणेच्या पट्ट्या कुणी बांधल्या?"

"जुन्याच होत्या. जशा होत्या तशा परत लावल्या."

"अगं गाढवे! आधीच्या माणसाने बांधलेली पट्टी बरोबरच असेल कशावरून? पट्टी चुकीची बांधून त्याने टोकं मात्र बरोबर जोडली असतील. एका फेजची सुरुवात आणि शेवट उलटे झालेत तुझे. बॅटरी घे, काट्याचा मीटर घे. एका फेजला बॅटरी टेकवायची आणि बाकीच्या दोन्हीवर काटा कुठे उडतो ते बघायचं. दोन्हीकडे एकाच बाजूला उडाला पाहिजे. आणि डोकं वापर!"

आत्याने तोंडाला पदर लावला, बहुधा हसू लपवायला. तांबट केव्हाच मोटारीवर वाकली होती.

काटा एकीकडे डावीकडे उडाला, दुसरीकडे उजवीकडे. तिने आणखी एकदा पाहून खात्री केली, टोकं बदलली आणि बटण दाबलं. मोटार घुमली आणि एका लयीत फिरू लागली. फोन तसाच चालू होता. "ऐकू येतंय," पलीकडून काका म्हणाले. "आता जेव."

पावणेपाचला रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर पाणी चढलं. व्यवस्थापकांनी एक कागद तिच्या हातात दिला. "वॉर्डप्रमुखांची सही आणा, पाणी आलं म्हणून. मग पुढच्या कामांचं बोलू."

ती जिने चढून गेली. पाय दुखत होते, पण ऊर भरून आला होता. आज एका माणसाला तिने बदलायला लावलं होतं! वर टेबलामागे पांढऱ्या कपड्यातले, दाढीवाले एक गृहस्थ औषधांच्या पेल्यांवर खाटांचे नंबर लिहीत होते.

"जरा सिस्टरना बोलवता का?" ती म्हणाली. "वॉर्डप्रमुखांची सही हवी होती."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "मीच इथला मुख्य नर्स. बोला."

ते रागावले नव्हते. आवाज शांत होता, आणि थकलेला. तो आवाज तिने लगेच ओळखला. सतरा वर्षं दुकानाच्या दारातून ती याच आवाजात उत्तर देत आली होती. तिचे कान तापले. ते पेल्यांवर लिहीत बसलेले दिसत असूनही तिची नजर त्यांच्या डोक्यावरून मागच्या दाराकडे गेली होती, कुणी बाई बाहेर येईल म्हणून!

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मनापासून चुकलं."

"होतं असं. सवय आहे." त्यांनी कागद घेतला, सही केली आणि परत देताना त्यांची नजर तिच्या बोटांवरच्या वॉर्निशवर गेली. "मोटार तुम्हीच भरलीत ना?"

मंडळी, एवढीच गोष्ट आहे. समोरचा 'तो' आहे की 'ती' हे कळलं की आपल्याला वाटतं, ओळख झाली. खरं तर तिथेच आपण ओळख करून घ्यायचं थांबवतो. काकांनी तसं केलं, आणि ज्या तांबटने त्यांना त्यावरून खडसावलं तिनेही त्याच दिवशी तेच केलं. तुम्ही-आम्ही तरी कुठले वेगळे? तेव्हा उद्या कुणाच्या दुकानात, कचेरीत, दवाखान्यात गेलात तर "कुणी आहे का?" असं विचारण्याआधी समोर जे काम करतंय त्याच्या हातांकडे एकदा बघा. आपण ज्याला शोधत असतो, ते माणूस बहुतेक वेळा तेच असतं.