मुंजाजीच्या हातातलं दाभण

परभणीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आमची सात हमालांची टोळी हाय, अन् मी, सूर्यभान, तिचा मुकादम. टोळीचा कायदा सोपा. ज्याच्यानं पोतं उचलत न्हाई त्यानं माझ्याकडून दाभण घ्यावं अन् म्हाताऱ्यायसंगं पोत्याची तोंडं शिवत बसावं. दाभण घेतलं की गडी संपला, असंच आमी समजतो.

पेडगावचा मुंजाजी आमचा सगळ्यात तगडा गडी. एकवीस साली त्याला करोनानं धरलं, वीस दिवस ऑक्सिजनवर होता. छातीच्या सीटीचा स्कोर पंचवीसात अठरा आला तवा त्याच्या बायकोनं, शिवकन्यानं, आशाच सोडली होती. पण वाचला. पुढं छातीचा फोटो काढला, तो साफ आला. मग आमी बी म्हनलं, आता कशाचं दुखणं?

पण गडी पहिल्यावाणी राहिला न्हाई. दोन पोती टाकली की भिंतीला टेकायचा. पायावर सूज यायची. मी तोंडाचा फटकळ. "खायला काळ अन् भुईला भार," समद्यादेखत म्हनायचो. "जमत नसंल तर घे दाभण." तो गप उठायचा अन् पोतं पाठीवर घ्यायचा. अशी तीन वर्सं गेली. मी बी थकलो होतो बरं का. त्याच्या वाट्याची उरलेली पोती माझ्याच पाठीवर यायची.

गेल्या सोयाबीनच्या हंगामात तो ट्रकपाशी खाली बसला तो उठंनाच. शिवकन्या म्हनली, "दादा, तुमीच न्या दवाखान्यात. माझं ते ऐकत न्हाईत." नेलं. खोटं कशाला बोलू, मनात होतं की डॉक्टरनं एकदाचं सांगावं, ह्याला काई झालं न्हाई.

डॉक्टरबाईनं त्याच्या छातीला थंडगार मलम लावलं अन् यंत्राची मूठ फिरवली. ह्याला इको म्हनतात म्हने. पडद्यावर त्याचं काळीज दिसायलं. मला त्यातलं काय कळतंय? पण दमलेल्या बैलावाणी ते कसंबसं हलायलं होतं, एवढं मला बी दिसलं.

"दर ठोक्याला साठ टक्के रक्त बाहेर जायला पाहिजे, यांचं तीसच जातंय," बाई म्हनल्या. "करोनात हृदयाच्या स्नायूला मार बसलेला दिसतो. त्यावर वण किती आहे ते एमआरआयमध्ये कळेल. त्यासाठी नांदेडला जा."

"पण फोटो साफ होता," मी म्हनलं.

"तो फुप्फुसांचा. हृदय कुणी बघितलंच नाही."

दुखणं मांडीला अन् मलम शेंडीला. मुंजाजी पडद्यामागं सदरा घालायला गेला तवा मी हळूच विचारलं, "बाई, ओझ्यानं वाढलं का हे?"

"किती वाढलं ते सांगता येणार नाही. पण औषध आणि आराम आधीच मिळायला हवा होता. आता ओझं बंद. बसून काय करतील ते चालेल."

तीन वर्सं ते ओझं मीच जिभेनं त्याच्या पाठीवर चढवलं होतं.

मुंजाजी मात्र रिपोर्ट हातात आल्यावर हसला. "दादा, आता तरी खरं वाटलं न तुमाला?" म्हनला. वाटेत दोनदा त्यानं तो कागद उलगडून बघितला. टोळीला दाखवायचा म्हने, आपण कामचुकार न्हाई म्हनून.

दुसऱ्या दिवशी मोंढ्यात मी त्याची नजर चुकवायलो. तो सरळ माझ्यापाशी आला अन् हात पुढं केला.

"द्या दादा, दाभण."

मी खिशातून काढलं, पण हातातून सोडवंना. शेवटी त्यानंच माझी बोटं उकलून ते घेतलं अन् म्हाताऱ्यायपाशी जाऊन बसला.