चुलीपर्यंत जाऊन आलेला राक्षस

मित्रांनो, मी एक जुना राक्षस आहे. पण जाड कागदाचा, तुमच्या तळहातावर मावणारा. ‘मायारण’ नावाच्या पत्त्यांच्या खेळातला. तुम्ही मला घाबरता, पण मलाही भीती वाटते, हे तुम्हाला ठाऊक नाही.

चित्रकाराने मला लाल डोळे दिले, उघडा जबडा दिला. खाली नियम छापला: ‘दर डावाला आपला एक सैनिक याला खायला द्या. सैनिक संपले की हा मालकावरच उलटेल.’ तेव्हा आम्ही सगळे राक्षस असेच होतो. नागपूरच्या पुढल्या छोट्या गोरेगावातल्या कैलाशने कॉलेजात असताना मला शहरातून आणलं. मला टाकताना त्याचा हात क्षणभर थांबायचा. मला त्या थांबण्याचा अभिमान वाटायचा.

पुढे पालकांच्या तक्रारी आल्या आणि कंपनीने राक्षस छापणंच थांबवलं. काही वर्षांनी आमची जात परतली, ती सौदे करणारी. दोन पत्ते द्या, शक्ती घ्या. आताचे राक्षस तर गुबगुबीत, चकचकीत, शिंगांत फुलं माळलेले. ते काही मागत नाहीत, उलट जखमी सैनिकांना बरं करतात. कैलाशची सहावीतली मुलगी चेतना त्यांच्याशीच खेळायची. मी आतल्या खोलीत टिनाच्या पेटीत पडून होतो.

या उन्हाळ्यात चेतनाने पेटी उघडली आणि मैत्रीण अंजूशी खेळताना मला डावात उतरवलं. नव्या राक्षसांच्या सवयीने तिने नियम वाचलाच नाही. चार डावांत लढाईतच तिचे सैनिक संपले. अंजूने नियम मोठ्याने वाचला, “आता हा तुलेच खाते.” चेतनाने पत्ते फेकले. त्या दिवसापासून ती भर दुपारीही आतल्या खोलीत एकटी जाईना.

“पोरगी काऊन भेऊन राहिली?” म्हणत तिच्या आजीने, जमुनाबाईंनी, खोली धुंडाळली. मी सापडलो.

“असलं कायले ठेवलं घरात?” त्या मला थेट चुलीपाशी घेऊन गेल्या. भात रटरटत होता. जाळ लागून माझा कोपरा पेटला. चित्रात माझा जबडा कायम उघडा आहे, पण त्यातून आवाज निघत नाही.

तेवढ्यात चेतना धावत आली. मला वाटलं, ही खूश होईल.

“आजी, नोको जाळू.”

“काऊन?”

“आता तो चित्रात बंद आहे. कागद जळला तर सुटून जाईल ना.”

जमुनाबाईंनी चुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात झटकन मागे घेतला. पदराने कोपरा विझवला.

संध्याकाळी कैलाशने मला प्लास्टिकच्या पाकिटात घातलं. “मले भी याचं भेव लागे,” तो म्हणाला.

“तुमाले भी?”

“हो. म्हणून तर नियम दोनदा वाचत होतो.”

मित्रांनो, एखाद्या चित्राची भीती वाटली तर ते पालथं घाला, घरच्यांना सांगा. पण फाडू नका, जाळू नका. माझ्यासारखे आता फार उरलेले नाहीत, आणि चूल पेटली की मी अजून दचकतो.

चेतना हल्ली रोज मला बाहेर काढते. माझे डोळे बोटाने झाकते आणि नियम वाचते. काल तिने एक डोळा उघडा ठेवला. दुसरं बोट त्या डोळ्याजवळच तयार ठेवलं होतं. मीही घाबरलो होतो. पण दोघांपैकी कोणीच नजर वळवली नाही.