शेपूट तुटलेली धामण

मंगळवेढ्याच्या रस्त्याला शहराबाहेर एक लिंबाचं झाड होतं. त्याच्याखाली दोनशे माणसं दाटीनं बसली होती. मी शाळेतून धावत तिथं पोचलो, तेव्हा मधोमध पाटावर माझी नऊ वर्षांची मुलगी रुक्मिणी बसली होती. शेजारी माझी आत्या बजाबाई हात जोडून उभी होती. पोरीला साप चावला, म्हणून तिनंच तिला वीरभद्रबुवाकडे आणलं होतं.

"डसणाऱ्याला बोलावतो," बुवा सांगत होता. "सात गावांच्या शिवेपल्याड असला तरी येणार. आपलं विष आपणच पिणार. मी नुसता निरोप्या."

त्यानं घंटा वाजवली, पाय आपटला. पुढ्यातल्या लिंबाच्या पाल्यातून खरंच एक लांब साप बाहेर आला. बुवानं त्याचं तोंड पोरीच्या घोट्याला टेकवलं आणि त्याला पुन्हा पाल्यात सोडलं. बायका रडू लागल्या.

रुक्मिणी माझ्या कानाशी लागली. "नाना, मला विहिरीवर दिवड चावली. ही धामण आहे. हिचं शेपूटपण तुटलंय."

पोर बरोबर सांगत होती. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. घरी पडवीत आम्ही सापांच्या काती वहीत चिकटवायचो, पाली-सरड्यांची चित्रं काढायचो. एक मेलेली धामण स्पिरिटच्या बरणीत ठेवली होती. दिवडीच्या चाव्यात बारीक दातांची ओळ उमटते, विष नसतं, सापाला बाहेरून कान नसतात, हे रुक्मिणीला पाठ होतं. तिच्या घोट्यावर तशीच ओळ होती. तिला काहीच होणार नव्हतं.

पण पुढच्या रांगेत शाळा कमिटीचे अध्यक्ष डोळे मिटून बसले होते. चारचौघांत आत्याची फजिती झाली असती. मी पोरीला गप्प केलं, उचलून घरी आणलं. वाद कशाला, असं मनाशी म्हणालो.

महिनाभरात बुवाचं नाव सगळ्या पेठांत झालं. मास्तराच्या पोरीला बुवानं मरणातून ओढून आणलं, असं लोक मलाच सांगायचे. मी हसून वेळ मारून न्यायचो.

श्रावणात आमच्या शेजारच्या बसप्पाला साप चावला. तो गिरणीत कामाला होता. सकाळी पाळी संपवून आला, चुलीसाठी ढलप्या काढायला लाकडांत हात घातला आणि ओरडला. लोकांनी साप मारला. मी पाहिला. फड्यावर आकडा असलेला नाग होता. बसप्पाच्या मनगटावर दोन ठिपके होते. कुणीतरी टांगा आणला.

"टांगा दवाखान्याकडे घ्या," मी म्हणालो. "नागाच्या विषावर सुई असते. बुवाकडे नको."

बसप्पाची बायको मल्लव्वा माझ्याकडे बघतच राहिली. "मास्तर, तुमच्या पोरीला बुवानंच वाचवलं की. मग माझ्या माणसाला का नको?"

"तिला बिनविषारी साप चावला होता, मल्लव्वा."

"तवा तर तुमी असं बोलला न्हाय."

बजाबाईनंही बुवाचंच नाव घेतलं. मी टांग्यापुढे आडवा उभा राहिलो, तेव्हा दोघा-तिघांनी मला धरून बाजूला केलं. मी आणि रुक्मिणी मागून पळत गेलो.

आम्ही पोचलो तेव्हा घंटा चालू होती. बसप्पाच्या पापण्या मिटत होत्या, जीभ जड झाली होती. बुवा म्हणाला, "नागोबा झोप देतोय. विष उतरायला लागलं."

मी ओरडून सांगत होतो, कुणी वळूनही बघेना. तेवढ्यात पाल्यातून साप बाहेर आला.

"नाना, ही तीच," रुक्मिणी मोठ्यानं म्हणाली. "माझ्या वेळची. शेपूट बघा."

लोक वाकून बघू लागले. पोर पुढं झाली. "बसप्पाकाकांना चावलेला नाग घरी मेलाय. मग हा कोण आला? मला दिवड चावली तेव्हापण हीच आली होती. हिला फडाच नाही."

कुणीतरी काठीनं पाला उसकटला. खाली जमिनीत पुरलेलं मडकं होतं. त्यावरच्या फळीला बांधलेली दोरी बुवाच्या बैठकीखाली जात होती. पाय आपटताना तो ती ओढायचा. फळी सरकली, उजेड दिसला, की कोंडलेली धामण वर यायची. त्याच्याकडे बरे झालेले सगळे माझ्या पोरीसारखेच, बिनविषारी साप चावलेले. जे मेले, त्यांना म्हणे यायला उशीर झाला होता.

बुवाला लोकांनी धरलं. मला त्याचं काही नव्हतं. आम्ही बसप्पाला टांग्यात घातलं. त्याचा श्वास अडकत होता. मी त्याचा हात धरून बसलो, बाकी काही करता येत नव्हतं. दवाखान्याचं फाटक दिसायला लागलं, तेव्हा तो हात सैल पडला.

तेराव्यानंतर मल्लव्वा पडवीच्या पायरीशी येऊन बसली. मग म्हणाली, "मास्तर, तुमाला पयल्यापास्नं ठावं व्हतं?"

"व्हय," मी म्हणालो.

ती उठून गेली. पुन्हा आमच्या घरी आली नाही.

पोरांना साप ओळखायला शिकवा, त्यात काही अवघड नाही. साप चावला तर दवाखाना गाठा, अर्धा तासही मंत्राला देऊ नका. आणि खोटं डोळ्यांपुढे चाललेलं दिसलं, तर त्याच जागी, त्याच घडीला बोला. मी नंतर बोललो. तोवर ऐकणाऱ्यांचा माझ्यावर विश्वास उरला नव्हता, आणि तो माझाच दोष होता.